गंगेचा बर्फ

आमच्या घरात नदीला कोणी गोदावरी म्हणत नसे. गोदावरी भूगोलाच्या पुस्तकात होती. घरात आणि गल्लीत ती गंगाच. "गंगेवर जाऊन येतो," असं म्हणून अण्णा उजाडायच्या आत बाहेर पडायचे आणि तांब्याची छोटी कळशी भरून परत यायचे तेव्हा त्यांच्या ओल्या पंच्याचं पाणी जिन्याच्या पायऱ्यांवर ठिबकलेलं असायचं. पंचवटीत भांड्यांच्या एका दुकानावर आमच्या दोन खोल्या होत्या. खाली दुकानदार दिवसभर कुणाच्या ना कुणाच्या घागरीचा पोचा ठोकून काढत असे, त्यामुळे आमच्या घरात बोलायचं ते जरा आवाज चढवूनच. मी तेवढी त्यातून सुटले होते. मला बोलायचंच कमी असे. खिडकीच्या कट्ट्यावर पुस्तक घेऊन बसले की तो ठोक्याचा आवाजही मला ऐकू येत नसे, आणि आईची हाकही.

अण्णा यात्रेकरूंचे उपाध्याय होते. माझे वडील काय करतात असं कॉलेजात कुणी विचारलं तर मी "पूजा सांगतात" एवढंच म्हणत असे, पण खरं तर ते दिवसभर बोलत. कुठून कुठून आलेल्या माणसांना पाण्यात उभं करायचं, त्यांचं नाव, गोत्र, आईवडिलांची नावं विचारायची, संकल्प सांगायचा, त्यांच्याकडून तो शब्दाशब्दाने म्हणवून घ्यायचा. त्यांना गुजराती यायची, हिंदी यायची, तेलुगू माणसांना हसवण्यापुरती तेलुगू यायची. घरी आल्यावरही तोंड चालूच. कपडे वाळत घालताना, चपला झटकताना, पानावर बसेपर्यंत काही ना काही म्हणणं सुरू असे. आई म्हणायची, "देवाला जरा उसंत द्या की. त्यालाही जेवायचं असेल." त्यावर ते आणखी मोठ्याने म्हणत. त्यांच्या आवाजात गोडवा नव्हता, पण प्रत्येक अक्षर स्वच्छ, निवडलेल्या तांदळासारखं वेगळं यायचं. मी झोपेत असले तरी कोणतं स्तोत्र चाललंय त्यावरून किती वाजले ते मला कळत असे.

मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा अण्णांच्या आतड्यात गाठ सापडली. सापडली तेव्हा ती यकृतापर्यंत पोचलेली होती. डॉक्टर तरुण होते, शब्द शोधत बोलत होते. ऑपरेशनाने आता उपयोग नाही, औषधाने काही महिने मिळतील, बरे महिने मिळतील असा प्रयत्न करू, असं ते म्हणाले. अण्णांनी मान डोलावत सगळं ऐकलं आणि शेवटी एकच विचारलं, "माझा आवाज राहील ना?" डॉक्टर म्हणाले, आवाजाला काही होणार नाही. अण्णा उठले, म्हणाले, "मग चालेल. मरेपर्यंत तोंड शाबूत पाहिजे. बाकी काय घ्यायचं ते घ्या."

डॉक्टर खोटं बोलले नव्हते. आवाजाला काही झालं नाही. पण पहिल्या खेपेचं औषध, सलग पाच दिवस शिरेतून दिलेलं, घेऊन आल्यावर आठवड्याभराने अण्णांचं तोंड आतून सोललं. ओठांच्या आतली कातडी पांढरी पडून सुटू लागली, जिभेच्या कडांना जखमा, घशापर्यंत आग. आई भात शिजवून, घोटून, गार करून, ताकात कालवून द्यायची, तर तेवढ्या ताकाच्या आंबटपणानेही त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. भाकरी आणि लाल मिरचीचा ठेचा हा ज्या माणसाचा आवडता पदार्थ, तो चमच्याने साखरपाणी घेत बसला होता. आणि घरात आवाज नव्हता. सकाळी मला जाग यायची ती खालच्या ठोक्याने. आई स्वयंपाकघरात एकटीच भांड्यांशी काहीबाही बोलायची. तेव्हा मला कळलं की मी ज्या शांततेला आपली समजत होते ती माझी नव्हतीच, त्यांच्या बोलण्याच्या आडोशाला बसून मी वाचत होते.

दुसऱ्या खेपेला वॉर्डातल्या पवार सिस्टरनी अण्णांचं तोंड टॉर्च लावून पाहिलं. सिस्टर पेठकडच्या, डोंगरातल्या गावच्या. ठेंगण्या, चालताना चपला फटक फटक वाजवायच्या, आणि डॉक्टरांपेक्षा त्यांचं बोलणं लोकांना कळायचं. मला त्यांनी कोपऱ्यात नेऊन समजावलं. "हे औषध आंधळं असतं, बाळ. जे भराभर वाढतंय ते मारायचं, एवढंच त्याला कळतं. गाठ भराभर वाढते. पण केसही वाढतात, अन् तोंडाच्या आतली कातडी तर रोज नवी होते. त्या चांगल्या पेशींचा काय गुन्हा? पण त्या मरतात. आता आपण काय करायचं, औषध सोडायच्या आधी पाच मिनिटं तोंडात बर्फ धरायचा, अन् नंतर अर्धा तास. गारठ्याने तोंडातल्या रक्तवाहिन्या आकसतात. रक्त कमी आलं की औषधही कमी येतं. तेवढा अर्धा तास त्याला दारातच उभं ठेवायचं. नंतर त्याचा जोर उतरतो." त्यांनी वॉर्डातल्या फ्रिजमधून स्टीलच्या वाटीत बर्फ आणला. अण्णांनी हात जोडले. बाहेरचं पाणी ते घेत नसत. दवाखान्यातही त्यांचा तांब्या आणि फुलपात्र फडक्यात बांधून मी नेत असे.

"गुरुजी, माझ्या हातची सुई चालते, बर्फ चालत नाही का?" सिस्टरनी कमरेवर हात ठेवून विचारलं.

अण्णा ओशाळले. जखमांमुळे हसताना त्यांना ओठ हाताने धरावे लागत. "सुई मला विचारून आत येत नाही, सिस्टर," ते म्हणाले.

"मग घरून आणा. पण पाणी उकळलेलं हवं. ह्या औषधाने पांढऱ्या पेशीपण मरतात. दहा-बारा दिवसांनी तर अंगात कुठल्याच जंतूशी भांडायला कोणी नसतं. कळलं ना?" हे त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या, आणि मला ते सगळ्यात जास्त कळलं होतं.

घरी आल्यावर अण्णांनी जाहीर केलं की बर्फ धरीन, पण गंगेच्या पाण्याचा. आमच्याकडे फ्रिज होता, ओझरला विमानाच्या कारखान्यात असलेल्या मामाने स्वतःचा जुना आणून दिलेला. मी म्हटलं, "चालेल, उकळून लावते." ते म्हणाले, "उकळलेली गंगा म्हणजे नुसतं पाणी. जशी आहे तशी लाव. जन्मभर तोंडात घेतलीय, आताच काय होणार आहे?" मी वाद घालणारी मुलगी नव्हते. त्यांना आता गंगेपर्यंत चालवत नव्हतं म्हणून पहाटे कळशी घेऊन मी जात होते. त्याच्या दोनच महिने आधी प्रॅक्टिकलला आम्ही नदीच्या पाण्याचा एक थेंब बशीतल्या थरावर पसरून ठेवला होता आणि दुसऱ्या दिवशी ती बशी जंतूंनी गच्च भरून आली होती, दाणेदार, चकचकीत, वासासकट. बाईंनी मोजायला सांगितलं तर मोजता येईना. मी कळशी घेऊन जिना चढले, स्वयंपाकघरात आले, देवांसाठी पळीभर पाणी काढून ठेवलं आणि उरलेलं मोरीत ओतलं. मग आदल्या रात्री उकळून झाकून ठेवलेलं नळाचं पाणी बर्फाच्या ट्रेमध्ये भरलं. वळून बघते तर आई दारात उभी. ती कळशीकडे बघत होती. मग चुलीकडे गेली, वरणात पळी फिरवली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू शिकलेली आहेस. तुला बरोबर वाटतं ते कर. मला मात्र काही सांगू नकोस."

बर्फाने तोंड वाचलं. अगदी पूर्ण नाही, एक-दोन ठिकाणी लाल झालं, पण अण्णा वरण-भात खात होते, आणि आठवड्याभराने एका सकाळी मला जाग आली ती त्यांच्या आवाजाने. आई पोळी लाटत होती, तिने लाटणं थांबवलं आणि तशीच बसून राहिली. अण्णा काठी टेकत घाटावर जाऊ लागले. पाण्यात उतरायचे नाहीत, पायरीवर बसून संकल्प सांगायचे. येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "माझं तोंड गंगेने राखलं हो." ते ऐकताना मी खाली बघत असे. पण त्यांना फसवते आहे असं मला तेव्हा वाटलं नाही, हे लिहायलाच हवं. मला हुशारी केल्यासारखं वाटत होतं. त्यांची श्रद्धाही राहिली आणि पेशीही राहिल्या, दोन्ही माझ्यामुळे.

आता चांगल्या पेशी राखायला पुष्कळ काही निघालं आहे. पांढऱ्या पेशी वाढवायची इंजेक्शनं आहेत, केस टिकावेत म्हणून डोक्यावर घालायच्या गार टोप्या आहेत. वाचलं की मी कात्रण काढून ठेवते. कशासाठी, ते मला सांगता येणार नाही.

तिसऱ्या खेपेला अण्णांच्या शेजारच्या पलंगावर निवृत्तीभाऊ होते. सायखेड्याला त्यांची पिठाची गिरणी होती. भुवया पिठानेच पांढऱ्या झाल्या असाव्यात असं पहिल्या दिवशी मला वाटलं, इतकी वर्षं पीठ अंगावर घेतलेला माणूस. त्यांनाही तेच औषध होतं आणि पहिल्या खेपेने त्यांचंही तोंड सोललं होतं. त्यांची बायको, कमळाबाई, डोक्यावरचा पदर सावरत पायथ्याशी बसून असायच्या. दोघं रोज सकाळच्या एसटीने यायचे, द्वारका चौकात उतरायचे, रिक्षाने दवाखान्यात, आणि संध्याकाळी परत. सिस्टरनी त्यांनाही बर्फ सांगितला होता, पण आजारी माणसाच्या तोंडात बर्फ घालायचा हे कमळाबाईंना पटलं नव्हतं.

"आयुष्यभर लोकांचं दळलं," निवृत्तीभाऊ अण्णांना म्हणाले, "आता हे औषध मला दळतंय. गुरुजी, तुम्ही एवढे श्लोक म्हणता, ह्या रोगावर एखादा नाय का त्यात?"

"असता तर मी तुमच्या शेजारी आलो असतो का?"

भाऊ हसायला गेले आणि गालावर हात दाबून कळवळले. "पण तुमचं तोंड कसं काय साबूत हाय? माझं तं आतून लय सोललंय. पाणी प्यायचं म्हटलं तरी भ्या वाटतं."

अण्णा उठून बसले. त्यांना सांगायला फार आवडायचं. "बर्फ, निवृत्तीराव. पण साधा नाही. गंगेचा. कच्च्या पाण्याचा, न उकळलेला. ही माझी सुधा, कॉलेजात शिकते, पण रोज पहाटे रामकुंडावर जाऊन पाणी आणते आणि तेच लावते. बघा." त्यांनी तोंड उघडून दाखवलं. "सिस्टर म्हणतात उकळा. त्यांचं त्यांच्यापाशी. तुमच्या तर दारातून जाते गंगा."

"दारातून म्हंजे गिरणीच्या मागंच," कमळाबाई म्हणाल्या. त्या पहिल्यांदाच बोलल्या.

मी फ्लास्क हातात धरून तिथेच, हातभर अंतरावर उभी होते. एक वाक्य बोलायचं होतं. ते बोलले असते तर अण्णांचा सगळा आनंद त्या पलंगावर परक्या माणसांसमोर मोडला असता. मी ठरवलं, कमळाबाईंना बाहेर गाठून सांगू. त्या दिवशी त्या औषध संपताच एसटीसाठी घाईने निघून गेल्या. दुसऱ्या दिवशी त्या नवा फ्लास्क घेऊन आल्या. गावच्या स्टँडवरच्या कोल्ड्रिंकवाल्याने त्यांना आपल्या फ्रिजमध्ये बर्फ लावून दिला होता. झाकण उघडलं तेव्हा मी पाहिलं. बर्फ पांढरा नव्हता. मधे धुरकट होता, आणि एका खड्यात बारीक काळसर काडी गोठली होती. निवृत्तीभाऊंनी तो खडा डोळे मिटून, प्रसाद घ्यावा तसा तोंडात घेतला.

दुपारी व्हरांड्यात नळापाशी मी कमळाबाईंना गाठलं. त्या फुलपात्र विसळत होत्या. मी म्हटलं, "मावशी, बर्फाचं पाणी जरा चांगलं घेत जा."

"गंगेपरीस चांगलं कोणतं गं?" त्या म्हणाल्या. मग त्यांनी ओल्या हातानेच माझा हात धरला. "तुझ्या अण्णांनी लय उपकार केले बघ. आत्ता दुपारी दूधभात खाल्ला ह्यांनी. चार दिवसांनी."

एका दिवसाच्या बर्फाने आधीच्या जखमा भरत नसतात. त्या आपणहून भरत आल्या होत्या. पण ते काही मी बोलले नाही. मी म्हटलं, "बरं झालं." आणि वॉर्डात परत आले. त्यानंतर आणखी तीन दिवस तो फ्लास्क माझ्या डोळ्यांदेखत उघडला गेला. रोज सकाळी मी ठरवून जात होते. रोज अण्णा आणि भाऊ तोंडात बर्फ धरून, गाल फुगवून, एकमेकांकडे बघत बसलेले असायचे, कुणाचा खडा जास्त वेळ टिकतो याची शर्यत लावून, आणि बोलता येत नसल्यामुळे बोटांनी मिनिटं मोजून दाखवायचे. सगळा वॉर्ड त्यांना हसायचा. मी त्या हसण्यात हसले.

चौथ्या खेपेला शेजारच्या पलंगावर दुसरा माणूस होता. सिस्टरनी मला सलाईनच्या बाटल्या ठेवायच्या खोलीपाशी सांगितलं. अकराव्या दिवशी निवृत्तीभाऊंना थंडी वाजून ताप आला. गावात एक दिवस गोळ्यांत गेला. इथे आणलं तेव्हा पांढऱ्या पेशी जवळजवळ संपल्या होत्या, जंतू रक्तात पसरले होते. दोन दिवसांत गेले. मी विचारलं, "कशामुळे?" सिस्टर म्हणाल्या, "सांगता येत नाही. ह्या दिवसांत स्वतःच्या पोटातले जंतूसुद्धा माणसाला मारतात." मग त्या थांबल्या. "बर्फ कुठला देत होत्या गं त्या? गावात तर बोअरचं पाणी आहे म्हणाले होते. मी सांगितलं होतं उकळायला." मी म्हटलं, मला माहीत नाही.

सांगता येत नाही, हे खरं आहे. मी नंतर पुष्कळ वाचलं. आयुष्यभर मी हाच विषय शिकवला. वर्गात अशा तापाबद्दल बोलायची वेळ आली की मुलांना सांगायचे, अमुकच पाण्यातून आला असं सिद्ध करता येत नाही. ते शास्त्र म्हणून बरोबर आहे. मला त्याचा उपयोग झाला नाही.

अण्णांना बातमी मीच दिली. घरी आलो, दुपारी पानावर बसलो. आईने भात वाढला, वर तूप. अण्णांनी घास न घेता मला सांगितलं, "चूक माझी झाली, सुधा. सायखेड्यापर्यंत जाताना गंगेत सगळं शहर मिसळतं. त्यांना रामकुंडाचं पाणी द्यायला हवं होतं. तो नवीन मुलगा आलाय ना शेजारी, त्याच्या वडिलांशी मी बोललोय. उद्यापासून ते रामकुंडावरून नेतील. वॉर्डातल्या सगळ्यांनाच सांगणार आहे मी."

तो मुलगा एकोणीस-वीस वर्षांचा, माझ्याच वयाचा होता. मी म्हटलं, "अण्णा, सांगू नका."

"का?"

"तुमच्या बर्फात गंगा नव्हतीच. नळाचं पाणी होतं. उकळलेलं."

खाली ठोका चालू होता. तो थांबेपर्यंत अण्णा थांबले. "कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून."

"एकदाही नाही?"

"नाही."

त्यांनी आईकडे पाहिलं. आई तुपाच्या भांड्यावर झाकण ठेवत होती. ते झाकण तिला नीट बसवता येईना. अण्णांना तेवढं पुरलं. मी म्हटलं, "तुम्हाला ठाऊक नव्हतं, अण्णा. तुमचा काय दोष? मी सांगायला हवं होतं त्यांना. मी तिथेच होते."

"हो, तू तिथेच होतीस," ते म्हणाले. रागाने नाही, माहिती पडताळून घ्यावी तसं. "पण सांगणारं तोंड माझं होतं." आणि पान तसंच ठेवून उठले. पानावरून उठून जाताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी पलंगावर पडल्या पडल्या त्यांनी आधी शेजारच्या मुलाच्या वडिलांना जवळ बोलावलं आणि सांगितलं, मी काल सांगितलं ते चुकीचं होतं, पाणी उकळूनच घ्या, सिस्टर सांगतील तसं करा. मग मी फ्लास्क उघडला तर त्यांनी हाताने तो बाजूला सारला. सिस्टर रागावल्या, डॉक्टर येऊन गेले, मी हात जोडले. "आता माहीत आहे ना कसलं पाणी आहे ते, मग धरा की," मी म्हटलं. ते म्हणाले, "पाण्याचं काही नाही गं." त्या खेपेचे उरलेले चारही दिवस त्यांनी बर्फाशिवाय औषध घेतलं. शिरेतून ते थेंब उतरत असताना तोंड मिटून छताकडे बघत पडून राहायचे. मला तेव्हा वाटलं की ते मला शिक्षा करताहेत. पुष्कळ वर्षांनी, मी स्वतः पन्नाशी ओलांडल्यावर कळलं की त्या चार दिवसांत त्यांच्या मनात माझा विचारही नसावा.

आठवड्याभरात तोंड सोललं, पहिल्या वेळेपेक्षा वाईट. जीभ सुजून जाड झाली. ते पाटीवर खडूने लिहून दाखवायचे. एका सकाळी पाटीवर लिहिलं होतं: सायखेडा. आईने, मी, डॉक्टरांनी, सगळ्यांनी नको म्हटलं. मामा कोणाची तरी जीप घेऊन आला. मागच्या बाकावर अण्णा माझ्या खांद्याला टेकून बसले होते. मी विचारलं, "अण्णा, मी सांगू का त्यांना? की तुम्ही पाटीवर लिहाल, मी वाचून दाखवू?" त्यांनी पाटी घेतली, हलत्या जीपमध्ये वेडंवाकडं लिहिलं, तू बोलू नकोस, मी सांगणार. आणि ते लिहिलेलं पुसून पाटी बाकाखाली सरकवून दिली.

गिरणी बंद होती. मागच्या घरात कमळाबाई एकट्या होत्या. अण्णांना बघून त्या गडबडून गेल्या, सतरंजी अंथरली, भिंतीशी उशी लावली. अण्णांचा चेहरा पाहून त्यांना रडू आलं, आणि मग त्या बोलतच राहिल्या. "गुरुजी, तुम्ही कशाला एवढं केलं? निरोप धाडला असता तर मी आले असते. शेवटच्या आठवड्यात रोज तुमचंच नाव होतं बघा त्यांच्या तोंडात. अन् तोंड आलं नाय ह्या टायमाला. ताप यायच्या आदल्या दिशी भाकरी खाल्ली, ठेचा मागून घेतला. म्हणाले, गुरुजींनी माझं तोंड राखलं. मी म्हटलं, गेला तं गेला, पण माझा माणूस खाऊनपिऊन गेला. तेवढंच हाय माझ्यापाशी आता."

अण्णांनी दोन्ही हात जोडले. मग ते बोलू लागले. ज्या माणसाचं प्रत्येक अक्षर निवडलेलं असायचं त्याच्या तोंडातून ओल्या कापडासारखा आवाज येत होता. सुजलेली जीभ कुठेच टेकत नव्हती. ओठाच्या कोपऱ्यातून लाळ आली, तिच्यात रक्ताची रेघ होती, ती त्यांनी पंच्याच्या टोकाने पुसली आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. मला सगळं कळत होतं. मी त्यांची मुलगी होते, आठवडाभर तेवढाच आवाज ऐकत होते. ते म्हणत होते, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. माझा बर्फ गंगेचा नव्हता. त्या पाण्यानेच भाऊ गेले असतील. मला क्षमा करा.

कमळाबाई पुढे वाकून, कान देऊन ऐकत होत्या. त्यांना एक शब्दही लागला नाही. शेवटी त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "काय म्हणत्यात गं गुरुजी?"

अण्णाही माझ्याकडे बघत होते. त्यांचे हात अजून जोडलेलेच होते.

मी म्हटलं, "म्हणतात, भाऊ फार भले होते. असा शेजारी मिळाला नव्हता."

कमळाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

त्यांचा आधार मोडवेना म्हणून मी तसं म्हटलं, असं मी आईला सांगितलं. आई गेल्या वर्षी गेली, तोपर्यंत आम्ही दोघी त्यावर कधी पुन्हा बोललो नाही. पण तेवढंच कारण होतं असं मला लिहिता येत नाही. कमळाबाईंनी "मग तू का बोलली नाहीस गं नळापाशी?" असं विचारलं असतं, त्याची भीती किती आणि त्यांची दया किती, हे मी अजून वेगळं करू शकलेले नाही. सायखेड्याला मी पुन्हा गेले नाही. त्या असतील तर नव्वदीच्या असतील.

अण्णा त्यानंतर दीड महिना होते. औषध त्यांनी थांबवलं. तोंड हळूहळू भरून आलं, शेवटच्या पंधरा दिवसांत तर ते चांगलं स्वच्छ बोलत होते. सिस्टर एकदा घरी येऊन गेल्या, त्यांच्याशी हसले, त्यांच्या हातून पाणी प्यायले. मामाशी बोलले. वॉर्डातल्या त्या मुलाचे वडील भेटायला आले, त्यांच्याशी बराच वेळ बोलले. माझ्यावर ते रागावले नाहीत, एकदाही नाही. मी पलंगाजवळ बसलेली असायचे, पाण्याचं भांडं माझ्या हाताशी असायचं. त्यांना तहान लागली की ते मान वळवून स्वयंपाकघराकडे हाक मारायचे, आणि आई पदराला हात पुसत यायची.